सांच्यावांचून कर्बतंतूचें काम

कोणतीहि वळणदार किंवा पोकळ वस्तु घडवावयाची म्हटली म्हणजे पहिल्यानें तिचा सांचा पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती बहुतांशीं खरीहि आहे. मूर्तिकार एका सांच्यांतून एका हंगामांत शेंकडों मूर्ति काढतो. घंटा ओतणारा कारागीर आधीं मातीचा सांचा करतो व मग त्यांत धातूचा रस ओततो. परंतु दिवाळीचा आकाशकंदील पाहा. त्यास सांचा कोठें असतो? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधिला, त्यावर कागद ताणून चिकटविला, कीं आकार सिद्ध झाला. सांगाडा मागाहून काढून घ्यावयाचा नसतो. तोच आंत राहून कागदास आधार देतो. ज्या वस्तूच्या हजार प्रति काढावयाच्या नाहींत, एक किंवा दोनच हव्या आहेत, तिच्यासाठीं सांचा करीत बसणें म्हणजे एका पाहुण्यासाठीं धर्मशाळा बांधण्यासारखें होय.

विमानें, शर्यतीच्या मोटारी व भारी किंमतीच्या सायकली यांत जो काळा, तुकतुकीत पदार्थ वापरतात, आणि जो ‘कार्बन फायबर’ या नांवानें हल्लीं मुलांच्या तोंडीं असतो, त्याच्या वस्तु घरच्या घरीं, सांच्यावांचून, घडवितां येतात काय, असें विद्यार्थी वारंवार विचारतात व त्यांचे पालकहि कुतूहलानें चौकशी करतात. येतात, हें उत्तर आम्ही आरंभींच देऊन टाकतों. मात्र ‘कार्बनचें आहे, म्हणजे बळकट आहेच’ हा जो समज त्या प्रश्नाच्या पोटांत दडलेला असतो, तो तितकासा खरा नाहीं. आणि त्याचें निरसन झाल्यावांचून हें काम हातीं घेणें श्रेयस्कर नाहीं. म्हणून प्रथम पदार्थाचें स्वरूप पाहूं.

हा पदार्थ एक नसून दोन पदार्थांची जोडी आहे. एक तंतु आणि दुसरी त्यास धरून ठेवणारी राळ. जोडीचें हें तत्त्व फार पुरातन आहे. मातीच्या विटेंत गवताच्या काड्या घालतात, त्या कां? माती दाब सोसते, पण ताण सोसत नाहीं. काडी ताण सोसते, पण एकटी उभी राहत नाहीं. मिसर देशांत इस्राएल लोकांस गवत देणें बंद करून, तें त्यांनींच गोळा करावें व विटा मात्र पूर्वीइतक्याच पाडाव्या, अशी आज्ञा झाल्याची हकीकत निर्गमाच्या पुस्तकांत आहे. वीट करणाऱ्यास काडीची गरज किती असते, हें तीवरून दिसून येतें. बांबूच्या कांडाकडे पाहिलें तरी तेंच दिसेल. त्यांतील चिवट तंतु बाहेरच्या सालीकडे दाट व आंतल्या बाजूस विरळ असतात, आणि मधला भाग तर पोकळच असतो. जेथें भार अधिक तेथें तंतु अधिक, हा निसर्गाचा बेत पुढें आपणांस उपयोगी पडणार आहे.

कर्बतंतूचा इतिहास विजेच्या दिव्यापासून सुरू होतो. एडिसननें १८७९-८० सालीं आपल्या दिव्यांत जी तार वापरली, ती प्रथम सुती दोरा व पुढें बांबूचे तंतु कोळशाप्रमाणें भाजून केलेली होती. ती उजेड देई, परंतु भार सोसण्याजोगी नव्हती. बळकट कर्बतंतु अमेरिकेंत रॉजर बेकन यांस १९५८ सालीं प्रयोगशाळेंत मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत जपानांत ओसाका येथें अकिओ शिंदो यांनीं पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून ते करण्याची रीत दाखविली, आणि १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील फार्नबरो येथें विल्यम वॅट व त्यांचे सहकारी यांनीं ती बरीच सुधारली. आजहि बहुतेक कर्बतंतु त्याच धाग्यापासून होतात. धागा ताणून धरून प्रथम हवेंत २०० ते ३०० अंश उष्णतेवर भाजतात. मग प्राणवायूचा स्पर्श होऊं न देतां त्यास हजार अंशांहून अधिक तापवितात. इतर द्रव्यें उडून जातात, सुमारें निम्में वजन नाहींसें होतें, आणि मागें कर्ब राहतो. एका तंतूची जाडी मिलिमीटरच्या सात सहस्रांश, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी असते. असे तीन हजार तंतु एकत्र केले म्हणजे एक सूत होतें व त्या सुताचें कापड विणतात.

आतां थोडा हिशेब करूं. पोलादाची घनता ७.८५ व ताठपणा सुमारें २०० गिगापास्कल असतो. अॅल्युमिनियमची घनता २.७ व ताठपणा ७०. नेहमीच्या जातीच्या कर्बतंतूची घनता १.७६ आणि ताठपणा २३०. हे आंकडे पाहून कोणासहि वाटेल कीं, पोलादाहून ताठ व वजनांत त्याच्या पावपटीहूनहि हलका असा हा परीसच हातीं लागला! परंतु हे आंकडे सुट्या तंतूचे, आणि तेहि त्याच्या लांबीच्या दिशेचे आहेत. घरीं हातानें राळ लावून केलेल्या थरांत आकारमानानें तंतु शेंकडा चाळीस व राळ शेंकडा साठ असते. शिवाय विणलेल्या कापडांत निम्मे तंतु उभे व निम्मे आडवे, म्हणजे कोणत्याहि एका दिशेस निम्मेच कामाचे. २३० चे शेंकडा चाळीस म्हणजे ९२. त्याचे निम्मे ४६. राळेचा व आडव्या तंतूंचा थोडा हातभार धरला तरी पन्नासाच्या आसपास. हा ताठपणा अॅल्युमिनियमच्या पत्र्याहूनहि कमी आहे. थराची घनता १.४ च्या सुमारास असल्यामुळें वजनाच्या मानानें तो अॅल्युमिनियमहून थोडासा सरस ठरतो, इतकेंच. तेंच कापड पंचेचाळीस अंशांनीं तिरकें ओढलें, तर ताठपणा याच्याहि तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर उतरतो. उलट, सर्व तंतु एकाच दिशेस असलेली पट्टी घेतली व भारहि त्याच दिशेस असला, तर तोच हिशेब नव्वदांच्या वर जातो. तेव्हां बळ काळ्या रंगांत नाहीं. तें तंतूच्या दिशेंत व राळेच्या मापांत आहे. बाजारांत कार्बनच्या नांवानें भरमसाट किंमत मागणाऱ्या वस्तूंकडे पाहतांना पालकांनींहि हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर. दर चौरस मीटरास २०० ग्रॅम वजनाच्या कापडाचा एक थर राळेसह सुमारें ०.२८ मिलिमीटर जाड होतो. असे दोन थर एकमेकांस चिकटवून केलेला पत्रा बोटानें सहज वांकतो. आतां तेच दोन थर दहा मिलिमीटर जाडीच्या हलक्या फोमच्या पाटीस दोन्ही बाजूंनीं चिकटवा. वांकण्यास होणारा विरोध हिशेबानें सुमारें हजारपट वाढतो. प्रत्यक्षांत मऊ फोम थोडा सरकतो, म्हणून पूर्ण हजारपट लाभ पदरांत पडत नाहीं. तथापि मिळतो तोहि थक्क करणारा आहे. आणि त्यासाठीं वाढलेलें वजन किती? दर घनमीटरास ३० किलोग्रॅम घनतेचा फोम असेल, तर दर चौरस मीटरास अवघें ३०० ग्रॅम. दोन पावांमध्यें सारण असावें तशी ही रचना असल्यामुळें तिला सँडविच हेंच नांव पडलें आहे. सांच्यावांचून काम करण्याचें सारें रहस्य येथें आहे. फोम हा वस्तूस आकारहि देतो आणि आंत राहून तिची ताकदहि वाढवितो. आकाशकंदिलाच्या कामट्यांप्रमाणें तो दुहेरी काम करतो.

ही रीत जगापुढें ठळकपणें मांडण्याचा मान अमेरिकेंतील विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्याकडे जातो. कॅलिफोर्नियांतील मोहावी या वाळवंटी गांवीं त्यांनीं रचिलेलें ‘व्हेरीईझ’ हें लहान विमान १९७५ सालीं प्रथम उडालें, आणि १९७९ सालीं ‘लाँग-ईझ’ हें त्याचें मोठें भावंड उडालें. तप्त तारेनें फोमचे ठोकळे पंखाच्या आकाराचे कापावयाचे, त्यांवर तंतूचें कापड पसरून इपॉक्सी राळेनें भिजवावयाचें, आणि सुकल्यावर घासून गुळगुळीत करावयाचें, ही कृति त्यांनीं नकाशांसह साध्या भाषेंत लिहून दिली व अनेक हौशी लोकांनीं आपल्या घरच्या गाडीखान्यांत तीं विमानें बांधलीं. त्यांत कापड मुख्यतः कांचतंतूचें असे. कर्बतंतूचा भरपूर उपयोग रुटान यांनीं ‘व्हॉयेजर’ या विमानांत केला. त्यांचे बंधु डिक रुटान व जीना येगर यांनीं १४ ते २३ डिसेंबर १९८६ या नऊ दिवसांत, वाटेंत न उतरतां व इंधन न घेतां, त्या विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

आपण इतक्या उंच न जातां खेळांतील विमानाचा, म्हणजे इंजिनावांचून तरंगणाऱ्या नमुन्याचा, एक पंख करूं. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी १८ सेंटिमीटर व सर्वांत जाड ठिकाणीं जाडी १८ मिलिमीटर. असे डावा व उजवा मिळून दोन करावे लागतील. हें काम आठवीच्या पुढील मुलांनीं, आणि घरांतील एखादें मोठें माणूस शेजारीं असतांनाच करावें.

गाभ्यासाठीं गच्चीवर उष्णता रोखण्यास घालतात तो निळा किंवा गुलाबी, घट्ट कणांचा पॉलिस्टायरिन फोम उत्तम. न मिळाल्यास दाट थर्मोकोलहि चालेल. पंखाच्या छेदाचे दोन फर्मे पातळ प्लायवुडाचे किंवा फॉर्मायकाचे करून, कडा घासून अगदीं गुळगुळीत कराव्या, व ठोकळ्याच्या दोन टोकांस बसवावे. नायक्रोमची बारीक तार धनुकलीस ताणून बांधावी व तीस बॅटरीचा प्रवाह द्यावा. घरच्या विजेचा प्रवाह या तारेस केव्हांहि जोडूं नये. तो जिवावर बेततो. दोघांनीं दोन टोकांस उभें राहून, तार फर्म्याच्या कडेवरून एकसारख्या संथ गतीनें न्यावी. घाई केली तर तार मध्यें मागें रेंगाळते आणि पंखाचें पोट खोल जातें. थबकलें तर तेथें खळगा पडतो. खिडक्या उघड्या असाव्या. आणि एक गोष्ट विसरूं नये. तप्त तार फक्त पॉलिस्टायरिनसाठींच आहे. गाद्यांत किंवा शीतपेट्यांत असतो तो पॉलियुरेथेन फोम तारेनें कापल्यास त्यांतून अत्यंत विषारी वायु निघतात. तो करवतीनें व कांचकागदानेंच घडवावा. कापून उरलेले ठोकळ्याचे वरचे व खालचे तुकडे मात्र टाकूं नयेत. पंख त्यांच्यांत तंतोतंत बसतो, आणि सुकण्याच्या वेळीं त्याचा तोल राखण्यास यांहून चांगली बैठक दुसरी मिळणार नाहीं.

कापडाची योजना आपल्या हिशेबास धरून करावी. पंख दोन प्रकारांनीं मोडूं पाहतो. एक, वाऱ्याच्या उचलीनें वर वांकून, दुसरा, पिळवटून. वांकण्यास विरोध लांबीच्या दिशेचे तंतु करतात; पिळास विरोध तिरके तंतु करतात. म्हणून पंखाच्या सर्वांत जाड भागावर, वर व खालीं, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची एकदिश तंतूची पट्टी मुळापासून टोकापर्यंत घालावी, आणि तीवर सर्वत्र विणलेलें कापड पंचेचाळीस अंशांत तिरकें कापून पसरावें. तिरकें कापलेलें कापड पंखाच्या गोल अग्रकडेवरून वळतेंहि सुरेख; सरळ कापलेलें तेथें उठून बसतें. कापण्यापूर्वीं रेघेवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्या मधोमध कात्री चालवावी, म्हणजे कडेचे धागे सुटणार नाहींत.

राळ इपॉक्सीचीच घ्यावी. टाक्या व होड्या करण्यास वापरतात ती पॉलिएस्टर राळ पॉलिस्टायरिनला विरघळवून टाकते; तिचा स्पर्श होतांच आपला गाभा डोळ्यांदेखत बसूं लागेल. राळ व हार्डनर यांचें प्रमाण डब्यावर दिलेलें असतें; तें वजनाचें कीं मापाचें हें नीट वाचून, ग्रॅमचा दशांश दाखविणाऱ्या कांट्यावर मोजावें. लवकर घट्ट व्हावें म्हणून हार्डनर अधिक घालण्याची बुद्धि अनेकांस होते. त्यानें काम लवकर होत नाहीं, कायमचें मऊ राहतें. मिश्रण उथळ ताटलींत पसरून ठेवावें, कारण खोल पेल्यांत साठलेली राळ स्वतःच्या उष्णतेनें तापत जाऊन धुमसूं लागते. दहा अंश उष्णता वाढली कीं कामास मिळणारा वेळ सुमारें निम्मा होतो. तेव्हां मे महिन्यांत हें काम पहांटे करावें. कोंकणांतल्या पावसाळ्यांत दुसरीच अडचण येते. दमट हवेंत राळेवर मेणासारखा पातळ थर धरतो; तो साध्या पाण्यानें धुऊन व पुसून काढल्यावांचून त्यावर दुसरा हात चिकटत नाहीं.

येथें आरोग्याची गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. कच्ची राळ, आणि विशेषतः हार्डनर, कातडीस वारंवार लागल्यास कांहीं माणसांस त्याची बाधा जडते. आणि ती एकदां जडली कीं बहुधा जन्मभर जात नाहीं. मग राळेच्या नुसत्या वासानेंहि अंगावर पुरळ उठतें. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावे, व फाटतांच बदलावे. हातास राळ लागलीच तर साबण व पाणी. अॅसिटोननें हात धुऊं नये, तो राळेस कातडीच्या आंत नेतो. सुकलेलें काम घासतांना जी काळी धूळ उडते ती फुप्फुसांत जाऊं देऊं नये. पाणी लावून घासावें, श्वासाची चांगली मुखपट्टी बांधावी व डोळ्यांवर चष्मा असावा. ती धूळ वीज वाहून नेते. पंखा, रेडिओ किंवा विजेच्या बटणाजवळ ती बसली तर तेथें ठिणग्या पडतात. स्वयंपाकघर व लहान भावंडें यांपासून हें काम दूर असावें, हें सांगावयास नकोच.

आतां थर चढवूं. फोमवर उघडीं छिद्रें असतात. तीं तशीच ठेवलीं तर राळ पिऊन टाकतात व पंख जड होतो. म्हणून राळेंत कांचेचे पोकळ सूक्ष्म मणी, जे मैद्यासारखे दिसतात, कालवून त्याचा पातळ लेप फोमवर द्यावा व पट्टीनें खरवडून घ्यावा. त्यावर एकदिश पट्टी, तीवर कापड. मग राळ. किती? कापडाच्या वजनाइतकी, अधिक नाहीं. आपल्या पंखाच्या दोन्ही बाजूंचें क्षेत्रफळ सुमारें ०.२२ चौरस मीटर आहे. २०० ग्रॅमी कापड घेतल्यास तें ४४ ग्रॅम भरेल, आणि राळहि तितकीच. गाभा सुमारें ४० ग्रॅमचा. म्हणजे पट्ट्या व लेप सोडून पंख १३० ग्रॅमच्या आसपास भरावा. तो १८० भरला, तर ते पन्नास ग्रॅम राळेचे आहेत, आणि त्यांनीं पंखाच्या बळांत कांहींच भर घातलेली नाहीं. (हलक्या वाऱ्यावर उडणारें विमान हवें असेल तर याच्या निम्म्या वजनाचें कापड घ्यावें, मात्र तें नवशिक्याच्या हातांत लवकर विस्कटतें.) राळ ब्रशानें ओढूं नये, टिपत जावी, नंतर रबरी पट्टीनें मधून कडेकडे हलकेच निपटावें. कापड सर्वत्र ओलें व काळेभोर दिसावें, परंतु त्यावर राळेचें तळें सांचलेलें नसावें.

शेवटीं त्यावर पॉलिएस्टरचें पातळ, खळ किंवा मेण न चढविलेलें पांढरें कापड पसरून तेंहि राळेनें भिजू द्यावें. राळेस तें कायमचें चिकटत नाहीं. सुकल्यावर सोलून काढतां येतें. (आधीं लहान तुकड्यावर पाहून घ्यावें.) हें कापड जादा राळ शोषून घेतें, विणीचे उंचवटे बसवितें, आणि सोलल्यावर खालीं खरखरीत, स्वच्छ पृष्ठ ठेवतें, पुढचा थर त्यावर न घासतां चिकटतो. मग प्लॅस्टिकचा कागद घालून पंख त्याच्या उरलेल्या ठोकळ्यांच्या बैठकींत ठेवावा, वरचा ठोकळा बसवावा, आणि त्यावर सपाट फळी व विटा ठेवाव्या. खालचें मेज सपाट आहे कीं नाहीं, हें आधींच पाहावें; या वेळीं पंखांत राहिलेला पीळ पुढें कोणत्याहि उपायानें निघत नाहीं. चार-सहा तासांनीं राळ चामड्यासारखी झाली म्हणजे कडेबाहेर आलेलें कापड धारदार चाकूनें कापावें. उद्यां तेंच काम करवतीचें होईल. एक बाजू झाल्यावर दुसरी. अग्रकडेवर दोन्ही कापडें दोन सेंटिमीटर एकमेकांवर यावीं. चोवीस तासांत पंख हातीं धरण्याजोगा होतो; पूर्ण बळ येण्यास सामान्य उष्णतेंत आठवडा लागतो.

सांच्यांतून निघालेल्या वस्तूची आरशासारखी चकाकी या पंखास येणार नाहीं. पुन्हां मणी-मिश्रित राळ भरणें, घासणें, पुन्हां भरणें, असा तीन-चार दिवसांचा खटाटोप करावा तेव्हां पृष्ठ गुळगुळीत होतें. सांचा न करण्याचें मोल तें हेंच. घासतांना मात्र हात आवरावा. कांचकागद खालच्या तंतूंत शिरला कीं जें बळ कष्टानें चढविलें तें धूळ होऊन जातें.

पोकळ नळी हवी असेल तर हाच प्रकार थोड्या फरकानें करतां येतो. फोमच्या दांड्यावर कापड गुंडाळावें, त्यावर उष्णतेनें आकसणारी प्लॅस्टिकची फीत तिरकी लपेटून गरम हवेनें ताणून घ्यावी. आणि राळ पक्की झाल्यावर मोठ्या माणसानें, उघड्या हवेंत व विस्तवापासून दूर, आंत अॅसिटोन ओतून फोम विरघळवून काढावा. मातीच्या सांच्यांतील मेण वितळवून काढून त्या जागीं धातूचा रस ओतणाऱ्या मूर्तिकारांची युक्ति याच जातीची आहे.

आतां परीक्षा. बाजारांत माठ घेतांना आपण बोटाच्या पेरानें वाजवून पाहतों. तसेंच पंखावर नाण्यानें हलकेंच टिचकावीत जावें. नाद एकसारखा असला तर ठीक. जेथें तो बद्द होतो तेथें कापड फोमपासून सुटलेलें आहे असें समजावें. नंतर भार. विमानाचें एकंदर वजन ८०० ग्रॅम असेल तर एका पंखावर ४०० ग्रॅम येतात; वेगानें वळतांना किंवा सूर मारून वर येतांना हा भार कित्येक पट होतो, म्हणून पांचपट, म्हणजे दोन किलोग्रॅम धरावा. पंखाचें मूळ मेजास पक्कें आवळून, पंख उलटा करून (कारण उडतांना भार खालून वर असतो), त्यावर वाळूच्या लहान पिशव्या मुळापासून टोकापर्यंत पसरून ठेवाव्या. टोक किती खालीं आलें तें पट्टीनें मोजावें. भार काढल्यावर तें जागेवर परत आलें पाहिजे. कडकड असा बारीक आवाज झाला, किंवा दाब सोसणाऱ्या बाजूवर सुरकुती उठली, तर तो पंख बाद. उडवून पाहूं, म्हणूं नये. खालीं माणसें असतात.

उन्हाचेंहि भय आहे. घरीं, उष्णता न देतां पक्की केलेली इपॉक्सी सुमारें ५० ते ६० अंशांवर मऊ पडूं लागते, आणि काळी वस्तु आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हांत त्याहून अधिक तापते. रुटान यांच्या रीतीनें बांधिलेल्या विमानांस पांढराच रंग देतात, त्याचें कारण हेंच. तेव्हां काळ्या विणीची शोभा कितीहि मोह घालो, पंखास पांढरा रंग द्यावा. कर्बतंतु रेडिओच्या लहरीहि अडवितो. दुरून चालविण्याच्या विमानांत संदेश घेणारी तार कर्बाच्या त्वचेबाहेर काढावी. अॅल्युमिनियमचे स्क्रू कर्बास थेट टेकूं देऊं नयेत. समुद्रकांठच्या खारट हवेंत ते लवकर कुजतात. मध्यें कांचतंतूचा एक थर घालावा. आणि वीज वाहण्याचा त्याचा गुण ध्यानांत ठेवून, कर्बतंतूच्या काठ्या, गळ किंवा पतंगाच्या कामट्या विजेच्या तारांखालीं कोणीहि नेऊं नयेत.

सायकलीची पुढची दुपाखी, तिची मूठदांडी, शिडी, कुबडी, अशा ज्या वस्तूंवर कोणाचा जीव किंवा हातपाय अवलंबून आहेत, त्या या रीतीनें करण्यास आमची स्पष्ट ना आहे. पोलाद मोडण्यापूर्वीं वांकतें व सूचना देतें. कर्बतंतूची वस्तु शेवटच्या क्षणापर्यंत ताठ राहते आणि मग एकाएकीं तुटते. आंत राळ कोठें कोरडी राहिली, तंतु कोठें वळला, हें बाहेरून दिसत नाहीं. कारखान्यांत असे भाग ध्वनिलहरींनीं तपासतात. आपल्यापाशीं नाणें आहे. खेळांतील विमानास, कंदिलाच्या आधारास, छायाचित्राच्या यंत्राच्या पेटीस, मेजावरील एखाद्या टेकूस तें पुरे.

पहिला पंख परीक्षेस उतरला म्हणजे त्याच्या मुळाशीं पेन्सिलीनें तारीख, वजन, राळेचें प्रमाण व सोसलेला भार लिहावा. त्या दिवशीं उरलेल्या राळेची ताटलीहि जपून ठेवावी; आठवड्यानंतर तींत नख रुतलें, तर पंखांतील राळहि तशीच आहे असें समजावें. आणि फर्मे फेकूं नयेत. दुसऱ्या बाजूचा पंख पहिल्याशीं जुळावयाचा तर तेच फर्मे, फक्त उलटे करून, ठोकळ्यास लावावे लागतात.